बाळ सांभाळायला मावशी ठेवताना

सोनू, रजा संपायला आता जेमतेम दोन महिने उरले आणि तू अजून पाळण्याच्या झालरीच निवडतेयस. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते खरी, पण बाई शोधायचे आठवडे त्यातूनच काढावे लागतात. म्हणून थोडं सांगून ठेवते. बाळ झोपलं की वाच, आणि जावईबापूंनाही वाचायला दे. बाळ दोघांचं आहे, तेव्हा चौकशीचे फोनही दोघांनी करायचे.

1. शोधाला आजपासून लाग — घाईची बाई, महिन्याची पाहुणी.

2. आधी ओळखीत विचार: पोळ्यावाल्या काकू, बाळाला मालिश करायला येतात त्या, गेटवरचे वॉचमन काका — नाव सुचवणाऱ्यालाही मग आपल्या शब्दाची काळजी असते.

3. ब्युरोकडून घ्यायची असेल तर कमिशन किती, आणि मावशी सोडून गेल्या तर बदली किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घे. मावशींच्या हातात खरोखर किती पडतात ते त्यांनाच विचार — दर महिन्याला पगार कापला जात असेल तर त्या टिकायच्या कशा?

4. ऑफिसात 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. एचआरला एकदा विचार — न विचारणारीला कुणी आपणहून सांगत नाही.

5. गावाकडून कुणाची लहान मुलगी आणून ठेवूया, असं आपल्यातलंच कुणी सुचवेल. स्पष्ट नाही म्हण — 14 वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे, आणि सोळा-सतराची असली तरी तिची जागा शाळेत, आपल्या पाळण्याशेजारी नाही.

6. आधीच्या दोन घरी फोन कर, पण "कशा होत्या?" असं विचारू नकोस, त्यावर सगळे "छान" म्हणतात. "बाळाला ताप आला तेव्हा त्यांनी काय केलं?", "पुन्हा ठेवाल का?" असं विचार — खोदून विचारलं, तर बिनघोर झोपलं.

7. आधार कार्डाची प्रत, फोटो, राहता पत्ता घे आणि पोलीस ठाण्यात पडताळणी करून घे. त्याच बैठकीत तुमचं नाव, दोघांचे नंबर, ऑफिसचा पत्ता त्यांनाही लिहून दे — भरवसा ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी.

8. मावशींना दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यायला सांग, तिथे पैसे पडत नाहीत. त्या दिवसाचा पगार कापू नकोस — तपासणी तुझ्या बाळासाठी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निदान एक आठवडा तू घरी असताना त्यांना येऊ दे. सूचना कमी दे, बघ जास्त.

9. बाळाला घ्यायच्या आधी हात धुतात का, हे तर तू बघशीलच. मंगळसूत्रात किंवा बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून ठेवतात का, तेही बघ. उचलताना मानेखाली हात जातो का? दुपटं बदलताना बाळाशी बोलतात का, की तोंड मिटून उरकतात? बाळ रडायला लागलं की आधी दुपटं चाचपतात, पोटाकडे बघतात, की लगेच मोबाइलवर गाणं लावतात? पेज चमच्याने भरवताना बाळाने तोंड फिरवलं तर थांबतात की कोंबतात? हे बघायला तुझा आठवडा गेला तरी जाऊ दे — दाखल्यावर गुण दिसतात, हातात माया.

10. एखादी गोष्ट तुझ्या रीतीची नसेल तर बाळासमोर, शेजारणीसमोर बोलू नकोस; दुपारी चहा घेताना सांग — चारचौघांत टोकलेलं माणूस पुढे चुका लपवायला शिकतं.

11. कॅमेरा लावणार असशील तर पहिल्याच दिवशी सांग, कुठे आहे ते दाखव, आणि त्या कपडे बदलतात त्या खोलीत तो नको — चोरून बघितलेलं उघडं पडलं की त्या दुसऱ्या दिवशी येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

12. कामाचा कागद कर: वेळ, पगार, बाळाचं काय, वरचं काय. बाळाची दुपटी, वाटी-चमचा, मऊ भात त्यांच्याकडे; धुणं-भांडी आणि लादी नाही — लादी पुसणारीचे डोळे लादीवर असतात, रांगत्या बाळावर नाही.

13. आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस, गावच्या जत्रेची रजा आधी ठरव. तुला उशीर झाला तर त्या तासांचे पैसे वेगळे दे — रजा ठरली, कुरबुर सरली.

14. पगार ठरल्या तारखेला, त्यांच्या स्वतःच्या खात्यात — त्यांच्या कष्टाचे पैसे दुसऱ्याच्या हातात जायला नकोत.

हे उपकार म्हणून करायचं नाही हं. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, तेव्हा कुठे पगारवाढ आणि सुट्टी हे हक्काचे विषय झाले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. 18 ते 60 वयाच्या घरकामगाराला तिथे नोंदणी करता येते. मावशींची नसेल तर कागदपत्रं जमवायला जावईबापूंना बसव, त्यांना फॉर्म भरायची हौस आहेच.

15. फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून लाव: तुमचे नंबर, बालरोगतज्ज्ञ, शेजारच्या काकू, 108 आणि 112. मावशींना वाचता येत नसेल तर त्यांच्या फोनमध्ये फोटोसकट भरून दे — घाबरलेल्या हाताला चेहरा पटकन सापडतो.

16. तुला विचारल्याशिवाय औषध नाही, ग्राइपवॉटर नाही, आणि वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही — मधातून येणारा एक जंतू तान्ह्या बाळाला लुळं पाडू शकतो. आपल्याकडे मध चाटवायची रीत जुनी, म्हणून मावशींना कारणासकट सांग. आणि आजीलाही सांग, ते जास्त अवघड जाईल.

17. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं बाळाच्या हाताला लागू देऊ नका. घास अडकला तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच थापा कशा मारायच्या, हे डॉक्टरांकडून दोघींनी एकत्र शिकून या — त्या क्षणी फोन लावत बसायला वेळ नसतो.

18. बाथरूममधली बादली रिकामी आणि दार बंद — बाळ बुडायला वीतभर पाणी पुरतं.

19. झोपवायचं उताणं, भोवती उशा-लोड नकोत — तान्ह्याला तोंडावरची उशी बाजूला करता येत नाही.

20. मावशींचं जेवण वेळेवर आणि तुम्ही जेवता तेच, कप-ताटलीही घरातलीच — बाळ बोलायच्या आधी बघायला शिकतं.

21. त्यांची मुलं कुणाजवळ असतात, हे पहिल्याच आठवड्यात विचार, आणि उत्तर लक्षात ठेव. त्यांच्या मुलाला ताप आला तर "आज कसंही करून या" म्हणू नकोस. अशा दिवसासाठी सासूबाई, शेजारच्या काकू, नाहीतर घरून काम, असा दुसरा बंदोबस्त तयार ठेव — आपलं मूल तापाने फणफणत टाकून आलेल्या बाईचं लक्ष तुझ्या बाळावर कसं लागेल?

22. एक दिवस बाळ तुझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावेल आणि तुझ्या पोटात कालवाकालव होईल. होऊ दे. त्या दिवशी बाई बदलायचा विचार मात्र करू नकोस — बाळाला त्यांच्याजवळ सुरक्षित वाटतंय, आणि तू शोधत होतीस ते हेच.

23. बाळ बालवाडीत जायला लागलं आणि काम संपत आलं, की मावशींना निदान एक महिना आधी सांग आणि तुझ्या मैत्रिणींमध्ये त्यांच्यासाठी घर बघ. तुझी गरज संपली तरी त्यांचं घर त्याच पगारावर चालतं.