रात्री नऊची बाटली

छातीत धडधडतंय म्हणून दहावी-बारावीतली मुलं आईबाबांसोबत दवाखान्यात येतात. ईसीजी काढायच्या आधी मी आईबाबांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगते आणि मुलाला विचारते, ‘काल किती वाजता झोपलास? आणि जागं राहायला काय प्यालास?’ बहुतेकदा उत्तर ठरलेलं असतं. दीड-दोन वाजले, मित्रांबरोबर गेम चालू होता, आणि टपरीवरून आणलेलं वीस रुपयांचं एनर्जी ड्रिंक.

पालक मोबाइलची तक्रार वेगळी करतात, धडधडीची वेगळी. बाटलीचं तर अनेकांना ठाऊकच नसतं. माझ्या लेखी ही तिन्ही एकाच मोडलेल्या झोपेची लक्षणं आहेत.

जरा हिशेब करू. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं. म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत 75 मिलिग्रॅमपर्यंत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा धरली आहे. 45 किलोच्या मुलाला ती 135 पडते. दोन बाटल्यांतच ती ओलांडली, चहा अजून धरलेलाच नाही. शिवाय कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. नऊला प्यायलेल्या बाटलीतलं निम्मं कॅफिन रात्री दोनलाही रक्तात असतं. या वयात झोपेचं संप्रेरक मुळातच उशिरा वाढतं, त्यामुळे मुलाला दहाला झोप येत नाही हा त्याचा आळस नव्हे. पण त्याला आठ ते दहा तास झोप लागते आणि शाळा सातला भरते. मधल्या मध्ये मारली जाते ती झोप.

सरकारने काही दारं बंद केली आहेत, आणि मला ते मनापासून पटतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025च्या कायद्याने बंदी आली. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्याला मनाईची तरतूद आहे. एनर्जी ड्रिंकवर ‘मुलांसाठी योग्य नाही’ असा इशारा छापावा लागतो; तो इतका बारीक असतो की मलाही चष्मा लावावा लागतो. तरी टपरीवर मुलाचं वय कोणी विचारत नाही, आणि फुकटचा गेम रात्रभर चालूच राहतो. ही फट कायद्याने बुजेपर्यंत आपल्याला थांबता येणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये एक वाट काढली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात, मोठ्यांचेसुद्धा. मला यातला हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. बाबा अंथरुणात व्हिडिओ बघणार आणि मुलाचा फोन हिसकावणार, हे मुलाला पटत नाही. पटावं तरी का?

तेव्हा घरातले सगळे फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, तुमचेही. गजरासाठी साधं घड्याळ आणा. रविवारीही उठायची वेळ तासाभराहून जास्त पुढे ढकलू नका. बाटली रोजची असेल तर एकदम तोडू नका, डोकं ठणकतं आणि चिडचिड होते. आठवडाभरात कमी करत बंद करा. दुपारनंतर तर नकोच. परीक्षेच्या महिन्यात हा नियम सैल करावासा वाटेल, पण वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच.

खेळताना-पळताना धडधड झाली, चक्कर येऊन मूल पडलं किंवा छातीत दुखलं, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. फोन काढून घेतला की मूल मारहाणीवर येत असेल किंवा जेवणखाण, मित्र, शाळा सुटत चालली असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि दवाखान्यात येताना ती बाटली बरोबर आणा. मागचं लेबल मुलालाच मोठ्याने वाचायला सांगू.