निघण्याआधी सूर्याची खबर घे

अगं, आईसमोर फोनवर मोकळं बोलता येईना, म्हणून लिहितेय. तुला चौथा महिना, त्यात ऑफिसचं सॅन फ्रान्सिस्कोला जाणं, आणि विमानातल्या किरणांचं वाचून उडालेली झोप. वर आईचं पालुपद, ‘या दिवसांत ग्रहणसुद्धा पाळायचं असतं!’

ग्रहण मनातून काढ. तेव्हा सूर्य फक्त झाकला जातो, बाळाला काही होत नाही. किरणांचं मात्र खरं आहे; ते आकड्यांत समजून घे. दहा-अकरा किलोमीटरवर हवा विरळ, त्यामुळे दूर अंतराळातून येणारे कण जास्त लागतात. आपलं बेंगळुरू चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे; इथे पृथ्वीचं चुंबकत्व त्यातले बरेच परतवतं. ध्रुवाकडे हे कवच पातळ होतं. जानेवारी 2021मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणलं, ते उत्तर ध्रुवावरून. तू आखातात विमान बदललंस तरी वाट बरीचशी ध्रुवाकडूनच जाते.

जाऊन-येऊन किरणांची मात्रा साधारण 0.2 मिलिसिव्हर्ट धरून चाल. जमिनीवर राहूनही माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतंच. नोकरीमुळे किरणांत वावरणाऱ्या गरोदर बाईच्या बाळासाठी किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने उरलेल्या महिन्यांकरता 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा सांगितलीय. म्हणजे एका फेरीला हरकत नाही. दर महिन्याला जा म्हणाले, तर मात्र स्पष्ट नाही म्हण.

आता सूर्याचं. मोठ्या उद्रेकातून सुटलेले वेगवान प्रोटॉन कधी कधी अर्ध्या तासाच्या आत पोहोचतात. 11 नोव्हेंबर 2025ला तर त्यांचा परिणाम जमिनीवरच्या यंत्रांनीही टिपला. आपल्या कोरमंगलातल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलेली दुर्बीण ‘आदित्य-एल1’ यानावरून सूर्याकडे बघत असते, पण आठवडाभर आधी तारीख सांगणं अजून कुणालाच जमत नाही. म्हणून निघायच्या दिवशी अमेरिकेच्या ‘नोआ’चं अवकाश-हवामानाचं पान उघड. तिथे आर, एस, जी असे तीन रकाने दिसतील. तू एस बघ, किरणांचं वादळ त्यात कळतं. जी म्हणजे चुंबकीय वादळ. मे 2024मध्ये लडाखच्या हानलेतून लाल ध्रुवप्रकाश दिसला तो त्याचाच परिणाम. त्याला घाबरून तिकीट रद्द करू नकोस. पण एस-2 किंवा वर असेल, तर प्रवास एक-दोन दिवस पुढे ढकल. बदलता येईल असंच तिकीट ऑफिसकडून माग.

खरं सांगू, मला किरणांपेक्षा तुझ्या पायांची काळजी जास्त आहे. इतके तास एका जागी बसून गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात वाढतो. कडेची सीट घे, उठून फेऱ्या मार, पाणी पी. तारखा डॉक्टरांना दाखव, त्यांच्याकडून पत्र घे. आणि साहेबांना आजच मेल टाक: बाळंतपणाआधी ही एकच फेरी.