नळाचा वार, डासाचा आठवडा

जळगावात आमचं राहतं घर आहे आणि धुळ्यात वडिलांनी बांधलेलं दुमजली घर, जे आता भाड्याने दिलेलं आहे. दोन्हींची घरपट्टी मी भरतो. घरमालकी म्हणजे भाडं, घरपट्टी आणि रंगरंगोटी, असं बरेच जण धरून चालतात. गल्लीत डेंग्यूचा रुग्ण निघाला की समजतं, गच्चीवरची टाकी आणि भिंतीतलं बीळसुद्धा मालकाच्याच वाट्याला येतं. दोन घरं सांभाळताना जे पक्कं झालं, ते खानदेशातल्या घरमालकांसाठी इथे मांडतो आहे.

१. नळाला पाणी येण्याचा आदला दिवस, तोच हौद घासण्याचा दिवस.
आपल्याकडे नळ रोज येत नाही. जळगावात मधे एक-दोन दिवस कोरडे जातात, धुळ्याच्या काही भागांत त्याहून बरेच जास्त. त्यामुळे हौद, ड्रम, टाक्या भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. उरलेल्या पाण्यावर नवं पाणी ओतत राहिलं, तर तळातल्या अळ्यांचं काहीच बिघडत नाही. म्हणून पाणी येण्याच्या आदल्या दिवशी भांडं पूर्ण रिकामं करावं आणि आतून ब्रशने घासावं. अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. टंचाईत पाणी फेकायला जीव होत नाही, ते बरोबरच आहे. अशा वेळी ते दाट कापडातून गाळून धुण्याभांड्याला वापरावं आणि कापडावरच्या अळ्या कोरड्या मातीत झटकाव्यात. रिकामा करता न येणारा मोठा हौद असेल, तर त्यात गप्पी मासे सोडावेत.

२. अर्धवट झाकण हे झाकण नव्हेच.
एडिसला सावली आवडते. फरशी आडवी टाकलेला हौद किंवा झाकण उडालेली गच्चीवरची टाकी म्हणजे त्याला हवी तशी जागा. झाकण घट्ट बसायला हवं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी हवी. मुंबईत टाकीला डास न शिरणारं झाकण असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपण तो धडा सक्तीची वाट न पाहता घ्यावा.

३. कूलरचा हंगाम पावसाच्या आधी संपवावा.
पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या आपल्या मुलखात कूलर ही चैन नाही, गरज आहे. पहिला पाऊस पडला की तो बंद होतो, पण टाकीत बोटभर पाणी तसंच राहतं आणि गवताच्या जाळ्या ओल्या राहतात. बंद करतानाच टाकी घासून वाळवावी, जाळ्या काढून टाकाव्यात आणि कूलर आडोशाला ठेवावा. चालू असतानाही आठवड्यातून एकदा तो पूर्ण कोरडा व्हायला हवा. फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा याच दिवशी पाहाव्यात.

४. घर भाड्याने दिलं, जबाबदारी दिली नाही.
जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरं २००३ मध्ये महानगरपालिका झाली. त्यांना लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार साचलेलं, उपद्रवी पाणी काढण्याची लेखी नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला देता येते. काम केलं नाही, तर पालिका ते करून खर्च वसूल करू शकते. भुसावळ, अमळनेरसारख्या नगरपरिषदांसाठी १९६५ चा वेगळा अधिनियम आहे. शिवाय, जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरेल असा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा ठरतो. म्हणून भाडेकरारातच लिहावं : टाकी कोण आणि कधी धुणार, गच्चीची किल्ली कोणाकडे राहणार, कचरा कुठे ठेवायचा. धुळ्याच्या घरी हे लिहून घेतल्यापासून कोणालाच दुसऱ्याकडे बोट दाखवावं लागत नाही.

५. मोकळा प्लॉट मालकाविना नसतो.
गुंतवणूक म्हणून प्लॉट घ्यायचा आणि स्वतः पुण्यात किंवा नाशकात राहायचं, हे आपल्या नव्या कॉलन्यांत सर्रास दिसतं. पावसाळ्यात तिथे डबकं होतं, गवत वाढतं आणि शेजारचे लोक त्यात कचरा टाकतात. प्लॉटला भराव आणि कुंपण घालावं, पावसाच्या तोंडावर कोणाला तरी पाहून यायला सांगावं. बांधकाम चालू असेल तर तळघर, लिफ्टचा खड्डा आणि पाणी मारण्यासाठी भरलेले ड्रम यांवर ठेकेदाराची नाही, आपली नजर हवी.

६. धूरफवारणीवर विसंबू नये.
धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाही. दोन-चार दिवसांत नवी पिढी उडते. गाडी आली नाही म्हणून ओरड करण्याआधी आपली गच्ची पाहावी. एडिस दिवसा चावतो आणि साधारण शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही, म्हणजे तो बहुतेक आपल्याच गल्लीत वाढलेला असतो. सेप्टिक टँकच्या हवा जाण्याच्या पाइपाला जाळी बांधावी, कारण रात्री हैराण करणारा क्युलेक्स डास तिथूनही बाहेर पडतो.

७. उंदराला आधी उपाशी ठेवा, मग बीळ बुजवा, विष सर्वांत शेवटी.
१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग पसरला, तेव्हा तिथे कामाला असलेली आपली माणसं भुसावळच्या गाड्यांनी परत आली. पुराच्या पाण्यानंतर सडलेला कचरा आणि उंदीर यांची किंमत काय असते, ते खानदेशाने घरात पाहिलं. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी सुरतेची साफसफाई हाती घेतली आणि तेच शहर स्वच्छतेसाठी नावाजलं गेलं. उंदराला खाणं मिळालं नाही की तो टिकत नाही. ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवावा, धान्य पत्र्याच्या कोठीत. कचरा वेगळा करून देणं घनकचरा नियमांनुसार बंधनकारकच आहे. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो, म्हणून फट सिमेंट आणि लोखंडी जाळीने बुजवावी. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. मुलं आणि गुरं असलेल्या घरात पिंजराच बरा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरा आसरा शोधतात, म्हणून मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये. एकाएकी बरेच उंदीर मरून पडले, तर आरोग्य विभागाला लगेच कळवावं.

८. दारात आलेल्या आरोग्यसेवकाला गच्चीपर्यंत न्यावं.
ते पाण्यात बॅटरी मारतात, अळ्या दाखवतात, जरूर असेल तर औषध टाकतात. दारातूनच "आमच्याकडे काही नाही" म्हणणाऱ्या घरातच अळ्या मिळाल्याचं मी अनेकदा ऐकलं आहे. घरात कोणाला ताप आला, तर दुखण्याची गोळी मनाने घेऊ नये. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर रक्त तपासावं आणि डेंग्यू निघाल्यास शेजाऱ्यांनाही सांगावं.

पाणी रोज मिळावं ही आपली मागणी रास्त आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. ते मिळेपर्यंत साठवलेल्या पाण्याची राखण मात्र ज्याची भांडी, त्यानेच करायची. तुमच्या नळाला ज्या दिवशी पाणी येणार असेल, त्याच्या आदल्या संध्याकाळी ब्रश हातात घ्या आणि भाडेकरूलाही बरोबर घ्या.