उसाच्या फडातला बिबट्या



आपल्याकडे 'वाघ दिसला' अशी हाकाटी होते, तो बहुधा बिबट्या असतो. पट्टेरी वाघ बारामती-इंदापूरच्या रानात नांदत नाही. जुन्नर-आंबेगावकडे मात्र बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. वर्षभर उभं पीक, पाटाचं पाणी, गावची कुत्री. त्याला आणखी काय हवं? अलीकडे तो आपल्या भागातही दिसू लागला आहे.

तोडणीत पिल्लं सापडली की गर्दी होते, कोणी हौसेनं घरी नेतो. हे घातक. मादी जवळच असते. कोयता थांबवा, माणसं मागं घ्या, वनखात्याला १९२६ वर कळवा. जुन्नरकडे पिल्लं तपासून त्याच रानात क्रेटमध्ये ठेवतात. बहुतेक वेळा रात्रीतून मादी घेऊन जाते.

'धरून लांब सोडा' म्हणणारे पुष्कळ. जुन्नरला २००१ पासून तेही करून पाहिलं. सोडल्या ठिकाणांजवळ माणसांवरचे हल्ले वाढल्याचं विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात आढळलं.

बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा भासतो. रात्रीच्या लाईटीवर दारं धरायला जोडीनं जा, बॅटरी घ्या, मोठ्यानं बोलत राहा. आणि तोडणीवाल्यांची पोरं फडाच्या कडेला निजलेली असतात, त्यांच्या कोप्यांपाशी उजेडाची सोय मालकानंच करावी.