गर्भाशयमुखाचा कर्करोग : विषाणू आणि जनुके

उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती हाती घेतली होती. ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा तीत समावेश होता. मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी ज्यांची तपासणी झाली, त्यांपैकी शेकडा दहा जणींमध्ये तो आढळला. कर्करोग मात्र त्यांतील फार थोड्या स्त्रियांना झाला. असे का व्हावे?

या विषाणूचा संसर्ग अतिशय सर्वसामान्य आहे. बहुतेक स्त्रियांचे शरीर तो साधारण दोन वर्षांत आपणहून हटविते. ज्या थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, त्यांनाच पुढे दहा-वीस वर्षांनी कर्करोगाचा धोका संभवतो. हटविण्याचे काम रोगप्रतिकारक पेशींचे. परंतु शत्रू ओळखल्याखेरीज त्या हल्ला करीत नाहीत. ही ओळख पटविणारी प्रथिने सहाव्या गुणसूत्रावरील ‘एचएलए’ जनुकांच्या आज्ञेने बनतात. विषाणूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून ती जणू पहारेकऱ्यापुढे ठेवतात. या जनुकांचे हजारो प्रकार असून ते आईवडिलांकडून येतात. काही प्रकार या विषाणूचे तुकडे नीट पकडतात, काहींना ते साधत नाही. ‘डीआरबी१-१३’ गटातील प्रकार असलेल्या स्त्रियांना हा रोग कमी होतो, असे अनेक देशांत आढळले आहे. स्वीडनमधील नोंदींनुसार रुग्णाच्या सख्ख्या बहिणीला वा मुलीला असणारा धोका साधारण दुप्पट असतो.

तथापि, आनुवंशिकता हा एकच धागा आहे. मशेरी, तंबाखू, लहान वयातील विवाह, वारंवार बाळंतपणे हे घटकही धोका वाढवितात. एचआयव्हीबाधित स्त्रियांत तो सुमारे सहापट असतो. प्रतिकारशक्तीचे महत्त्व यावरून ध्यानी यावे. “आमच्या घराण्यात कोणाला नाही” म्हणून निर्धास्त राहणे जितके चुकीचे, तितकेच रुग्ण स्त्रीच्या चारित्र्याविषयी कुजबुज करणे अन्यायाचे आहे. एकाच विषाणूपुढे दोघींची शरीरे निरनिराळी वागतात, यात दोष कोणाचा?

कोणाला धोका आहे हे जनुके तपासून आज सांगता येत नाही. म्हणून तपासणी सर्वांचीच करावी लागते. उस्मानाबादेत विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. प्रतिबंधक लसही आता पुण्यात बनते. तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

अडचण असते ती पोहोचण्याची. लेण्याद्रीच्या पश्चिमेकडील जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात तपासणीसाठी खाली उतरायचे, तर बाईची दिवसाची मजुरी बुडते. ग्रामपंचायतीने उपकेंद्राशी बोलून भातलावणीचे दिवस टाळून शिबिर ठरविले, आणि शिक्षिका व आशासेविकांनी घरोघर आधी निरोप दिला, तर तिशी ओलांडलेल्या स्त्रिया येतात. तपासणीस काही मिनिटेच लागतात.