सागराशी बोलणारी कविता

मुळशीच्या जलाशयातील पाण्याला दोन समुद्र ठाऊक आहेत. धरणावरून सांडणारे पाणी मुळा, भीमा आणि कृष्णा या नद्यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते. तर वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवलेले पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्रात जाते. आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांनी मात्र समुद्र अद्याप पाहिलेला नाही. तरीही सागराच्या कविता वर्गात वाचताना ती स्तब्ध होतात. असे का व्हावे? याचे उत्तर कवितेच्या रचनेत शोधावे लागते.

विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ साली इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्यावर ‘सागरा प्राण तळमळला’ हे गीत रचले. त्यांच्या राजकीय विचारांशी आपले मतभेद आहेत. पण त्यामुळे कवितेचा अभ्यास अडण्याचे कारण नाही. या गीतात ओढ मातृभूमीची आहे, परंतु कवी बोलतो सागराशी. परत नेण्याचे वचन देऊन ते मोडणारा सोबती, असे रूप तो सागराला देतो. निर्जीवावर सजीवाचे गुण आरोपित करणाऱ्या या अलंकारास आपण चेतनगुणोक्ती म्हणतो. प्रत्येक कडव्याअखेर ध्रुवपद परतते, जणू लाट पुन्हा किनाऱ्यावर यावी. पिंजऱ्यातील पोपट आणि पाशातील हरीण या प्रतिमांतून कोंडलेपण दिसते. विनवणीचे रूपांतर आरोपात होते आणि शेवटी सागर एका आचमनात पिणाऱ्या अगस्तीचे नाव घेऊन कवी त्याला धाकही घालतो.

कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेतही संबोधन सागरालाच आहे. ‘विशाखा’ या १९४२ सालच्या संग्रहातील ही कविता. येथे तक्रार नाही, आव्हान आहे. सागर अफाट असला तरी त्याला किनारा आहे, माणसाच्या आशेला तो नाही, असे हा दर्यावर्दी सागरालाच सुनावतो. संबोधन तेच, नाते बदलले की भाव बदलतो.

पाली वाङ्मयातील ‘उदान’ या ग्रंथात तथागतांनी सागराचा दृष्टान्त दिला आहे. तेथे सागराला कोणी हाक मारीत नाही. गंगा, यमुना, अचिरवती, शरभू आणि मही या नद्या सागराला मिळताच आपले पूर्वीचे नाव व गोत्र टाकून देतात; तसेच चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर आपले नाव व गोत्र सोडतात. येथे सागर म्हणजे समतेचे मुक्कामस्थान होय.

विद्यार्थी मित्रहो, संबोधन हा केवळ परीक्षेत ओळखण्याचा विशेष नव्हे. ज्यांच्या पूर्वजांना गावात मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांनी अफाट सागराला ‘तू’ म्हणावे, त्याला जाब विचारावा, ही लहान गोष्ट नाही. विनवणीत माणूस लहान होऊ शकतो; जाब विचारताना तो बरोबरीचा होतो. घरापासून दूर राहताना मन व्याकूळ झाले, तर ‘मला घरची आठवण येते’ एवढेच वहीत लिहून थांबू नका. घाटाला, नदीला किंवा गावी जाणाऱ्या एस.टी.ला हाक मारा. तिने कोणते वचन मोडले ते तिला विचारा. मग ओढ हा शब्द लिहिण्याची गरजही उरणार नाही.