चिघळणे

‘पायाची जखम चिघळली’ असे आपण म्हणतो आणि ‘बांधाचा वाद चिघळला’ असेही म्हणतो. मुलांच्या इंग्रजी पुस्तकातला ‘फेस्टर’ हा शब्द याच अर्थाचा. तोही जखमेला आणि मनातल्या रागाला, दोन्हींना लागतो. त्याचे मूळ लॅटिन ‘फिस्टुला’, म्हणजे नळी. भगंदराला डॉक्टर आजही फिस्टुलाच म्हणतात.

चिघळणे म्हणजे नुसते वाढणे नव्हे. गळू पिकते, फुटते, बसते. चिघळलेली जखम मात्र ओलीच राहते आणि कडेने पसरते. कोयता लागला की जखम होते. चिघळते ती नंतर, दुर्लक्षाने.

मोहोळ तालुक्यात ऊसतोडीच्या दिवसांत हे नेहमीचेच. पाचटाने हात चिरतो, कोयता नडगीला लागतो. खाडा पडला तर पैसे कापतात, म्हणून चिंधी बांधून माणूस पुन्हा फडात. चिंधीखाली तंबाखू, चुना नाहीतर राख. त्याने रक्त थांबल्यासारखे वाटते, पण घाण आत कोंडते. त्यापेक्षा स्वच्छ वाहत्या पाण्याने, साबण लावून जखम भरपूर धुवा, स्वच्छ कोरडे कापड बांधा आणि त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. ठसठस वाढली, भोवती लाल आणि गरम झाले, पू आला, जांघेत किंवा काखेत गाठ आली, ताप भरला, तर ग्रामीण रुग्णालय गाठा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत.

मनाचे काय? अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात भगवान बुद्धांनी ‘अरुकूपम’ चित्ताचा माणूस सांगितला आहे. अरुक म्हणजे व्रण. चिघळलेल्या व्रणाला काडी किंवा खापरी लागली की आणखी पू वाहतो. तसा हा माणूस थोडे बोलले तरी भडकतो. दृष्टान्त नीट पाहा: दोष काडीचा नाही, व्रण आधीचाच आहे. नळावर हंड्यावरून दोन जावा भांडतात तेव्हा हंडा ही काडी असते. व्रण कधीतरी लग्नात न मिळालेल्या मानाचा. तेव्हाच बोलून टाकले असते तर तो एवढा ओला राहिला नसता.

मधुमेह असलेल्यांना एक वेगळे सांगायचे आहे. त्यांचे पाय बधिर होतात, त्यामुळे काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती बरी आहे असे समजू नका. रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासा. आजीला वाकता येत नसेल तर नातवाने पाहावे.